सत्येंद्रनाथ बोस

छत्रपती संभाजीनगर येथील पाणचक्कीच्या हौदात उंचावरून पाणी कोसळते, तेव्हा त्या पाण्यावर वेड्यावाकड्या लाटा उसळतात. परंतु पाण्याने भरलेले ताट एका ठरावीक तालाने खालीवर हलविले, तर त्या पाण्यावर रेखीव नक्षी उमटते. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे याने १८३१ साली या नक्षीचा अभ्यास केला. अशीच नक्षी अत्यंत थंड केलेल्या एका वायूतही उमटते, आणि त्या वायूशी एका भारतीय अध्यापकाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ते अध्यापक म्हणजे सत्येंद्रनाथ बोस होत.

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्ता येथे झाला. त्यांचे वडील रेल्वेत नोकरीस होते. लहानपणापासूनच सत्येंद्रनाथांना गणिताची विलक्षण गोडी होती. प्रेसिडेन्सी कॉलेजातील शिक्षण पूर्ण झाल्यावर ते अध्यापनाकडे वळले आणि १९२१ साली नव्याने स्थापन झालेल्या ढाका विद्यापीठात रुजू झाले.

तेथे प्रकाशाच्या उत्सर्जनाविषयीचा प्लांकचा नियम शिकविताना त्याची प्रचलित उपपत्ती त्यांच्या मनास पटेना. दोन निरनिराळ्या रंगांच्या गोट्या दोन डब्यांत ठेवण्याचे ४ प्रकार होतात. परंतु गोट्या एकमेकींपासून मुळीच ओळखता येत नसतील, तर प्रकार ३ च उरतात. प्रकाशकणही असेच परस्परांहून वेगळे ओळखता येत नाहीत, असे मानून सत्येंद्रनाथांनी गणना केली आणि प्लांकचा नियम अचूक सिद्ध झाला.

हा निबंध इंग्लंडमध्ये प्रसिद्ध होऊ शकला नाही. तथापि, सत्येंद्रनाथ निराश झाले नाहीत. जून १९२४ मध्ये त्यांनी तो थेट आल्बर्ट आइन्स्टाइन यांजकडे धाडला. आइन्स्टाइन यांनी त्याचे महत्त्व ओळखून स्वतः त्याचे जर्मन भाषांतर केले व ते प्रसिद्ध करविले. पुढे हीच गणना अणूंना लावून त्यांनी असे भाकीत केले की, अतिशय थंड वायूतील पुष्कळसे अणू एकाच अवस्थेत येऊन जणू एकच लाट बनतील.

युरोपातील वास्तव्यानंतर सत्येंद्रनाथ ढाक्यास परतले. डॉक्टरेट नसतानाही त्यांना प्राध्यापकपद मिळाले. विज्ञान मातृभाषेतून शिकविता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी १९४८ साली बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

आइन्स्टाइन यांचे भाकीत खरे ठरलेले पाहण्यास सत्येंद्रनाथ हयात नव्हते. १९९५ साली अमेरिकेत रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करून असा वायू सिद्ध करण्यात आला. त्यास बोस-आइन्स्टाइन संघनित असे म्हणतात. २००७ साली अशा वायूला धरून ठेवणारी पकड तालबद्धपणे कमीअधिक केली, तेव्हा त्यात फॅरडेने पाहिलेल्या लाटांसारखे पट्टे उमटले. आज मुंबई व पुणे येथील प्रयोगशाळांतही अशा अतिशीत अणूंवर संशोधन चालते.

वर्गात शिकविताना मनात आलेली शंका सत्येंद्रनाथांनी दडपून टाकली नाही. तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला. ७१ वर्षांनी प्रयोगशाळेत साकार झालेल्या त्या वायूचे मूळ या शंकेतच होते.