रयतमाउलीची पंगत

दुपारच्या सुट्टीत आमच्या महाविद्यालयाच्या आवारात मुले-मुली झाडाखाली डबे उघडून बसतात. कोणी अक्कलकोटकडचा, कोणी मोहोळचा, कोणी मंगळवेढ्याचा. कोणाच्या डब्यात कडक भाकरी, कोणाच्या शेंगाची चटणी, तर कोणाच्या गरगट्टा. पाच मिनिटांत कोणता डबा कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. हे दृश्य आता इतके सरावाचे झाले आहे की त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटत नाही. परंतु ही सहजता आपोआप आलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांनी एका पंगतीत बसून एका चुलीवरचे अन्न खावे, ही कल्पनाच बहुतेकांना असह्य होती. ती पंगत ज्यांनी स्वतःच्या घरात मांडली, त्यांत साताऱ्याच्या लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जयंतीला दरवर्षी २२ सप्टेंबर रोजी जी भाषणे होतात, त्यांत लक्ष्मीबाईंचा उल्लेख हमखास येतो. बोर्डिंगातील धान्य संपले, तेव्हा त्यांनी मंगळसूत्र विकून मुलांना जेवू घातले, एवढे सांगून वक्ते पुढच्या मुद्द्याकडे वळतात. हा प्रसंग हृद्य आहे, यात शंका नाही. तथापि एवढ्या एका प्रसंगात एका स्त्रीचे सारे आयुष्य बसवून टाकणे म्हणजे तिच्या खऱ्या कामगिरीचा हिशेब चुकवणे होय.

लक्ष्मीबाई कुंभोजच्या एका सधन जैन घराण्यातल्या. माहेरी नाव आदाक्का. भाऊरावांचा जन्मही कुंभोजचाच, १८८७ चा. विद्यार्थीदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत असताना भाऊराव अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी ते बोर्डिंग त्यांना सोडावे लागले. अशा पुरुषाशी संसार मांडणे म्हणजे स्वस्थतेला निरोप देणेच होते. १९१४ साली कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात भाऊरावांना तुरुंगवास सोसावा लागला. पुढे ओगले व किर्लोस्कर या कारखान्यांचे विक्रेते म्हणून त्यांनी मिळकत केली, पण त्यांचे मन त्यात रमले नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. तेथे खेड्यापाड्यांतली मुले आणून ठेवण्यास प्रारंभ झाला आणि लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघराचे रूपांतर एका सार्वजनिक संस्थेत झाले.

हे रूपांतर वाचण्यास सोपे आहे. प्रत्यक्षात ते किती अवघड असेल, याचा विचार करावा. परंपरागत जैन घरात स्वयंपाकघर हे घरातील सर्वांत कडक नियमांचे स्थान. काय शिजवावे, केव्हा जेवावे, कोणाच्या हातचे घ्यावे, याचे दंडक पिढ्यानुपिढ्या चालत आलेले. अशा संस्कारांत वाढलेल्या स्त्रीने महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशा साऱ्या मुलांना आपल्या चुलीपर्यंत येऊ द्यावे, हे एका दिवसात घडले असेल असे मानण्याचे कारण नाही. सभेत जातिभेदाचा धिक्कार करणे पुरुषाला तुलनेने सोपे असते. तो भेद रोजच्या रोज, दोन वेळा, परातीसमोर बसून मोडावा लागतो तो स्त्रीला. भाऊरावांनी मांडलेल्या समतेची परीक्षा व्यासपीठावर होत नव्हती. ती लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी होत होती, आणि तेथे ती उत्तीर्ण झाली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे त्यांना जे एकत्र भोजन, एकत्र निवास दिसले, त्यामागे या बाईंचे हात होते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक भेद स्पष्ट करावासा वाटतो. संपत्ती आणि प्रवाह या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दागिना ही संपत्ती; ती एकदा विकली की संपली. रोजची भाकरी हा प्रवाह. तो एक दिवसही खंडित होऊन चालत नाही. समजा, तीस मुले आहेत आणि प्रत्येकाला एका वेळी तीन भाकरी लागतात. दोन वेळांच्या मिळून एकशेऐंशी भाकरी झाल्या. भात एका मोठ्या हंड्यात शिजवता येतो, भाकरी मात्र एकेकच थापावी लागते. मुले हाताखाली राबत, पाणी भरत, सरपण आणत, स्वयंपाकालाही हात लावत. तरीही या व्यवस्थेचा भार अखेर गृहिणीच्याच माथ्यावर होता. लक्ष्मीबाईंचे अलंकार हळूहळू गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले, हे आपण स्मरतो. या न मोजलेल्या भाकऱ्या मात्र विसरतो.

परंतु या साऱ्याकडे केवळ त्याग म्हणून पाहणे हेही अपुरे आहे. त्यागाची भाषा फार वापरली की त्यातला आनंद दिसेनासा होतो. घरून दूर आलेल्या, पोटभर जेवणाची सवय नसलेल्या मुलाच्या ताटात गरम भाकरी पडते आणि त्याची भीड चेपते, हे पाहण्यात जे समाधान आहे, ते अनुभवल्याशिवाय इतकी वर्षे हे काम कोणालाही ओढता आले नसते. शिवाय ती चूल एकटीची नव्हती. रयतच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बाया दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढीत, तोच मूठफंड. खेड्यातल्या ज्या बाईपाशी देण्यासारखा एक रुपयाही नव्हता, तीही या पंगतीत मुठीपुरती यजमान होत असे.

१९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. त्यांना आयुष्य थोडे लाभले आणि संस्थेचा विस्तार त्यांना पाहता आला नाही. १९३२ मधील पुण्याचे युनियन बोर्डिंग, १९४० मधील साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मधील छत्रपती शिवाजी कॉलेज, हे सारे त्यांच्या मागे झाले. आमच्या जिल्ह्यात पंढरपूरला कर्मवीरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. साताऱ्यात मुलींचे वसतिगृह लक्ष्मीबाईंच्या नावाने उभे आहे. भाऊराव १९५९ मध्ये निवर्तले, तोवर या वडाच्या पारंब्या महाराष्ट्रभर पसरल्या होत्या.

आमच्या शास्त्राने मात्र अशा श्रमाची दखल कधी नीट घेतली नाही. एखाद्याने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिली, त्याला शतक उलटले. आम्ही ती वर्गात विनोद म्हणून सांगतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. लक्ष्मीबाईंची परात अजून आपल्या घराघरांत आहे. तिच्यासमोर बसणारी व्यक्ती मात्र बदललेली नाही.

पंगतीचेही तसेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शाळांतून शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि २००४ मध्ये ते शिजवण्याच्या कामी दलित व आदिवासी स्त्री-पुरुषांना प्राधान्य द्यावे, असे सांगितले. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित स्त्रीने शिजवलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारल्याचे वृत्त आले. मुलांच्या मनात हा विचार शाळेने घातलेला नव्हता. तो घरच्या स्वयंपाकघरातूनच आला असणार. भेद तेथे शिजतो, तसा तो तेथेच विझवताही येतो, हे लक्ष्मीबाईंनी दाखवून दिले होते.

तेव्हा पुढच्या जयंतीला मंगळसूत्राची कथा अवश्य सांगावी. पण त्याबरोबर दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. आपल्या घरी कोणाकोणाला ताटावर बसवले जाते, आणि ते ताट वाढण्यासाठी रोज कोण उभे राहते? झाडाखाली डबे मिसळणाऱ्या मुलांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी दिले आहे. त्या डब्यांतील भाकरी पहाटे उठून कोणी थापली, हा दुसरा प्रश्न अजून त्यांनीही विचारलेला नाही, आणि आम्ही प्राध्यापकांनीही नाही.