बाईचा संकोच जाणणाऱ्या डॉ. आनंदीबाई

स्मरणिकेसाठी लिहावयाचे ठरले तेव्हा मला कै. डॉ. आनंदीबाई जोशी यांचेच नाव सुचले. त्या सातासमुद्रापार गेल्या हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या डॉक्टर कशासाठी झाल्या, ते मला अधिक मोलाचे वाटते.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे, नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले, ते दहाच दिवस जगले.

त्या काळी डॉक्टर बहुतेक पुरुषच. कित्येक बायका दुखणे अंगावर काढीत. पण परपुरुषाला अंग दाखवीत नसत. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी भर सभेत हीच अडचण मांडली आणि येथे स्त्री-डॉक्टर हव्यात असे सांगितले. बाईच्या संकोचाला त्यांनी अडाणीपणा मानले नाही. तिने लाज सोडावी असे न म्हणता, तिची लाज राखून तपासणारे माणूस आपणच व्हावे, असे त्यांनी ठरविले.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने त्या परत आल्या त्या खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आज स्त्री-डॉक्टर पुष्कळ आहेत. तरी ओटीपोटाचे किंवा स्तनाचे दुखणे लपविणाऱ्या बायका मी आपल्याच गल्लीत पाहते. डॉक्टर बाई असो वा पुरुष, काय तपासणार व का, हे आधी सांगितले पाहिजे, आपला होकार घेतला पाहिजे, पडदा ओढला पाहिजे. मध्येच थांबा म्हणण्याचाही आपल्याला अधिकार आहे. पुरुष डॉक्टर तपासताना जवळ दुसरी स्त्री असावी, हा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत नमूद आहे. तो मागण्यात उद्धटपणा नाही.

ज्या भगिनीला दवाखान्यात एकटीने जाण्याचा धीर होत नसेल, तिने मंडळात येऊन निःसंकोच सांगावे. सोबत मी येईन.