शाळेतल्या बीजगणिताचे गणितज्ञ : श्रीराम अभ्यंकर

धाराशिव जिल्ह्यातली आपली मुलं विचारतात, बीजगणित कशाला? त्यांना अभ्यंकर सांगा.

जन्म २२ जुलै १९३०, उज्जैन, मराठी घर. वडील गणिताचे प्राध्यापक. मुंबईत शिकून ते हार्वर्डला गेले. १९५५ साली झारिस्की यांच्याकडे बैजिक भूमितीत पीएच.डी. केली.

फळ्यावर य² = क्ष³ चा आलेख काढा. आरंभबिंदूपाशी अणकुचीदार टोक येतं. आता य = क्ष × ट ठेवा. ट² = क्ष उरतं, म्हणजे गुळगुळीत अन्वस्त! ट = य ÷ क्ष, म्हणून परतही येता येतं; अडतं फक्त आरंभबिंदूवर. अभ्यंकरांनी पृष्ठभागांवरचे असे दोष काढून दाखवले, तेही जिथे १ ठरावीक वेळा मिळवला की शून्य येतो अशा संख्यांवर.

१९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं. २ नोव्हेंबर २०१२ ला ते गेले. शाळेतल्या बीजगणिताची ताकद ते आयुष्यभर सांगत राहिले. ती आपल्याच फळ्यावर आहे.