दुसऱ्याचे राष्ट्र बंदुकीने घडत नाही : जनरल स्मेडली बटलर यांची जीवनकथा

अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक म्हणजे 'मेडल ऑफ ऑनर'. ते दोनदा मिळवणाऱ्या मोजक्या सैनिकांत जनरल स्मेडली बटलर यांचे नाव आहे. तीस वर्षांहून अधिक काळ ते सैन्यात होते आणि अनेकदा परदेशांच्या भूमीवर लढले. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी गावोगावी सभा घेऊन सांगितले, की आपण देशासाठी नव्हे तर बँका आणि बड्या कंपन्यांसाठी लढत होतो. कलिंगानंतरच्या सम्राट अशोकाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणूनच आपल्या तरुणांनी बटलर यांचे जीवन समजून घ्यायला हवे.

बटलर यांचा जन्म ३० जुलै १८८१ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात वेस्ट चेस्टर येथे झाला. घराणे क्वेकर पंथाचे, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती परंपरेतले. वडील वकील होते आणि पुढे तीस वर्षे अमेरिकी संसदेचे सदस्य राहिले. तरीही १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू होताच सोळा वर्षांचे स्मेडली वय वाढवून सांगून मरीन दलात भरती झाले. क्युबा, फिलिपिन्स, चीन, होंडुरास, निकाराग्वा, पनामा, मेक्सिको असा त्यांचा प्रवास झाला. १९१४ मध्ये मेक्सिकोतील वेराक्रूझ येथे त्यांना पहिले मेडल मिळाले.

पुढचा मुक्काम हैती. गुलामीत जगणाऱ्या कृष्णवर्णीयांनी नेपोलियनच्या फौजेला हरवून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेला हा देश. आपली जमीन पुन्हा गोऱ्या मालकांच्या हाती जाऊ नये म्हणून परकीयांना जमीन घेण्यास तिथल्या राज्यघटनेने बंदी घातली होती. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले. २८ जुलै १९१५ रोजी संतप्त जमावाने राष्ट्राध्यक्षाला ठार केले आणि त्याच दिवशी अमेरिकी सैन्य किनाऱ्यावर उतरले. सुव्यवस्था आणायची, देश उभा करायचा, असे कारण देण्यात आले. बाबासाहेब त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बटलर यांनी डोंगरावरच्या फोर्ट रिव्हिएर या किल्ल्यात पाण्याच्या निचऱ्याच्या वाटेने घुसून बंडखोरांचा पाडाव केला. याबद्दल त्यांना दुसरे मेडल मिळाले. नंतर हैतीसाठी नवे सशस्त्र पोलीस दल उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. शिपाई हैतीचे होते, अधिकारी मात्र जवळजवळ सगळे अमेरिकी मरीन. जून १९१७ मध्ये हैतीची संसद परकीयांना जमीन नाकारणारी घटना मंजूर करण्याच्या बेतात होती. बटलर सशस्त्र पोलीस घेऊन सभागृहात गेले आणि संसद बरखास्त झाली. पुढच्या वर्षी सैन्याच्या देखरेखीखाली मतदान घेऊन परकीयांना जमीन खुली करणारी घटना लादली गेली.

रस्ते मात्र झाले. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून उत्तरेच्या काप-हैतीयनपर्यंत मोटार जाऊ लागली. हे रस्ते बांधले कोणी? १८६४ चा एक जुना कायदा शोधून काढण्यात आला : कर भरा, नाहीतर रस्त्यावर राबा. गरीब शेतकऱ्याकडे कराला पैसे कुठले? त्यांना दोरखंडाने बांधून, गावापासून लांब नेऊन राबवले गेले. पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ही वेठबिगारी होती. वतनाच्या नावाखाली महारांकडून सरकारी कामे कशी करून घेतली जात आणि त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक का आणले, हे ठाऊक असणाऱ्यांना त्या शेतकऱ्यांचे दुःख वेगळे सांगायला नको.

ही योजना बटलर यांच्याच काळात सुरू झाली. १९१८ मध्ये ते हैती सोडून गेले, पण लोकांचा संताप मागे राहिला. चार्लमेन पेराल्ट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी उठाव केला. १९१९ मध्ये पेराल्ट यांना मारण्यात आले आणि लोकांना दहशत बसावी म्हणून त्यांच्या मृतदेहाचे छायाचित्र वाटण्यात आले. त्या उठावात दोन हजारांहून अधिक हैतीवासी मारले गेले. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्य परतले, तेव्हा मागे उरले ते बंदूकधारी दल. पुढे कित्येक वर्षे हैतीत सरकारे बनवण्या-पाडण्याचे काम सैन्यानेच केले. निकाराग्वातही अमेरिकेने घडवलेल्या राष्ट्रीय रक्षक दलाच्या जोरावर सोमोझा घराण्याने १९७९ पर्यंत हुकूमशाही चालवली.

बटलर १ ऑक्टोबर १९३१ रोजी मेजर जनरल पदावरून निवृत्त झाले. १९३२ मध्ये पहिल्या महायुद्धातले हजारो बेरोजगार सैनिक हक्काचे पैसे मागायला वॉशिंग्टनमध्ये तळ देऊन बसले. बटलर त्यांच्यात जाऊन बोलले. काही दिवसांनी सरकारने सैन्य पाठवून त्याच सैनिकांच्या झोपड्या जाळल्या. १९३५ मध्ये बटलर यांचे 'वॉर इज अ रॅकेट' हे छोटे पुस्तक आले. युद्धात नफा मूठभरांचा आणि मरण सामान्यांचे, असा त्याचा सार. सैनिकांआधी भांडवलदारांच्या नफ्यावर सक्ती करा, युद्धाचा निर्णय लढायला जाणाऱ्यांच्या मतदानाने घ्या आणि सैन्य स्वदेशाच्या रक्षणापुरतेच ठेवा, असे उपाय त्यांनी सुचवले. २१ जून १९४० रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले.

बटलर यांना डोक्यावर घेण्यापूर्वी एक गोष्ट पाहिली पाहिजे. हैतीत असताना त्यांच्या पत्रांत तिथल्या लोकांविषयी वर्णद्वेषी तुच्छता होती. पुढच्या काळातही त्यांचा राग मुख्यतः फसवल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकासाठी होता. दोराने बांधलेला हैतीचा शेतकरी त्यात फारसा दिसत नाही. अशोकाचा तेरावा शिलालेख इथे वेगळा ठरतो. त्यात कलिंगच्या एक लाख मृतांची आणि दीड लाख विस्थापितांची नोंद आहे. जिंकलेल्याने हरलेल्यांचे दुःख मोजले. पश्चात्तापाची ही पायरी बटलर पूर्ण चढले नाहीत. तरीही सत्य सांगण्याचे त्यांचे धैर्य नाकारता येत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती. शांततेसाठी गेलेले सैन्य लढाईत अडकले आणि अकराशेहून अधिक जवान गमावून परतले. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तिथेच शहीद झाले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. त्यांच्या शौर्याला वंदन करायचे आणि त्यांना तिथे पाठवणाऱ्या धोरणाला प्रश्नही विचारायचा, ही दोन्ही आपली कर्तव्ये आहेत. अफगाणिस्तानात अमेरिकेने वीस वर्षे हाच प्रयोग केला आणि २०२१ मध्ये काही दिवसांत सगळे कोसळले.

परके सैन्य रस्ता बांधू शकते, पोलीस दल उभारू शकते, घटनाही लादू शकते. पण माणसांना एकमेकांशी जोडणारी बंधुता ते निर्माण करू शकत नाही. बंधुतेशिवाय स्वातंत्र्य आणि समता टिकत नाहीत, हे बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावले होते. आपले संविधान आपल्याच प्रतिनिधींनी, वाद घालत, कलमामागून कलम मंजूर करून घडवले. म्हणून ते आपल्याला आपले वाटते. उद्या कुठलेही सरकार, आपले असो वा परके, दुसऱ्याचा देश सुधारायला फौज पाठवतो म्हणेल, तेव्हा तरुणांनो, तीन प्रश्न विचारा : तिथल्या लोकांनी बोलावले आहे का? जमीन आणि नफा कोणाच्या हाती जाणार? आणि रस्त्यावर राबणार कोण?