मृत्यूंचा हिशेब मागणारी परिचारिका

हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र आपण शाळेच्या पुस्तकापासून पाहत आलो आहोत. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. ते चित्र खोटे नाही, पण दिव्याचे ते काम दोन वर्षेही चालले नाही. त्यानंतर सुमारे चार दशके त्यांनी जे काम केले, ते कागदांच्या ढिगाऱ्यात बसून. किती माणसे मेली, कशाने मेली, हजारामागे प्रमाण किती आणि त्यांतली किती वाचवता आली असती, हे आकड्यांनी दाखवायचे आणि सरकारला धोरण बदलायला लावायचे. त्यांतला सर्वांत अवघड हिशेब त्यांच्या स्वतःच्या रुग्णालयाचा होता.

१८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गावाचेच नाव मुलीला मिळाले. वडिलांनी मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्स यांना ओढ होती ती गणिताची आणि याद्या, तक्ते करण्याची. परिचारिका व्हायचे त्यांनी ठरवले तेव्हा घरात वादळ उठले. त्या काळी रुग्णालय म्हणजे गोरगरिबांची मरायची जागा आणि तिथली नोकरी म्हणजे हलके काम. घरच्यांचा विरोध वर्षानुवर्षे चालला. या काळात त्या पहाटे उठून आरोग्य आणि रुग्णालयांविषयीचे सरकारी अहवाल वाचत, त्यांची टिपणे काढत. १८५१ मध्ये जर्मनीतील कैझरस्वर्थ येथे त्यांनी प्रशिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनमधील एका लहान रुग्णालयाचा कारभार हाती घेतला.

पुढच्याच वर्षी ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान एकीकडे व रशिया दुसरीकडे, असे क्रिमियाचे युद्ध पेटले. आजारी आणि जखमी ब्रिटिश सैनिकांना जहाजाने काळा समुद्र ओलांडून इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथे आणले जाई. तिथल्या हालांच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत आल्या आणि देश हादरला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल यांचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिका घेऊन त्या ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीला पोहोचल्या.

एका जुन्या प्रचंड बराकीचे तिथे रुग्णालय केले होते. खाली तुंबलेली गटारे, वर खाटांना खाटा लागलेल्या, हवा खेळती नाही, स्वच्छ कपडे नाहीत, साबण नाही. नाइटिंगेल यांनी स्वयंपाकघर सुरू केले, धुलाईची सोय केली, सामानाची खरेदी स्वतःच्या हातात घेतली. रात्री दिवा घेऊन फेऱ्या मारल्या. सैनिक त्यांना देवासमान मानू लागले.

तरीही मृत्यू थांबले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले. बहुतेक जण दगावले ते जखमांनी नव्हे, तर कॉलरा, हगवण आणि ज्वरांनी. मार्चमध्ये डॉ. जॉन सदरलंड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन यांचे स्वच्छता पथक आले. त्यांनी गटारे उपसून धुऊन काढली, भिंतींना चुना लावला, हवा येण्याची सोय केली, पाण्याचा मार्ग साफ केला. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण २.२ टक्क्यांवर आले.

नाइटिंगेल यांना त्या वेळी मात्र यामागचे खरे कारण उमगले नव्हते. उपासमार, थंडी, अतिश्रम यांनी खंगलेले सैनिक फार उशिरा रुग्णालयात येतात म्हणून मरतात, असे त्या समजत होत्या. युद्ध संपून १८५६ मध्ये त्या मायदेशी परतल्या तेव्हा त्यांचा जयजयकार होत होता. तो टाळून त्या शांतपणे घरी गेल्या आणि हिशेबाला बसल्या.

हिशेब सोपा नव्हता. लष्करातील वेगवेगळ्या खात्यांच्या मृत्यूच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. एकाच आजाराला निरनिराळी नावे होती. या कामात त्यांना विल्यम फार हे डॉक्टर भेटले. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात आकड्यांचे काम पाहणारे फार हे त्या काळचे मोठे संख्याशास्त्रज्ञ. नुसते किती मेले हे सांगून उपयोग नाही, किती जणांमागे आणि किती काळात मेले हे सांगितले पाहिजे, तरच दोन ठिकाणांची तुलना होते, ही त्यांची शिस्त. त्या शिस्तीने आकडे मांडले तेव्हा जे दिसले ते भयंकर होते. जानेवारी १८५५ मधला रोगांचा मृत्युदर तसाच राहिला असता, तर वर्षभरात सारे सैन्य केवळ रोगांनी संपले असते. आघाडीवरच्या साध्या तंबूंतील रुग्णालयांपेक्षा स्कुटारीच्या मोठ्या इमारतीत मरणाचे प्रमाण जास्त होते. म्हणजे ज्या इमारतीत त्यांनी रात्रंदिवस सेवा केली, तीच माणसे मारत होती. सेवेत कसूर नव्हती. खालची गटारे आणि वरची गर्दी यांच्यापुढे सेवा अपुरी पडत होती.

१८५७ च्या ऑगस्टमध्ये त्या आजारी पडून कोसळल्या. क्रिमियात जडलेला ज्वर पुन्हा पुन्हा उलटत होता. काही अभ्यासक या आजारपणाचा संबंध नुकत्याच उमगलेल्या या सत्याशीही जोडतात. कारण काही असो, त्यांनी ते आकडे दडवले नाहीत. आठशेहून अधिक पानांचा अहवाल १८५८ मध्ये खासगीरीत्या छापून घेतला आणि त्यात स्कुटारीचा हिशेबही मांडला.

मंत्री आणि खासदार तक्ते वाचत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. आकडे कोरडेच असावेत, असे फार यांचे मत. नाइटिंगेल यांनी मात्र चित्र काढायचे ठरवले. एका वर्तुळाभोवती बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. पाकळीचे क्षेत्रफळ म्हणजे त्या महिन्यातला मृत्युदर. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. हिवाळ्यात निळी पाकळी प्रचंड पसरलेली, लाल भाग त्यापुढे नगण्य, आणि स्वच्छतेनंतरच्या वर्षात निळी पाकळी आक्रसत गेलेली. शत्रूने किती मारले आणि घाणीने किती, हे एका नजरेत कळत होते.

युद्ध ही अपवादाची परिस्थिती असते, असे कोणी म्हणेल, हे ओळखून त्यांनी शांततेच्या काळाचेही आकडे काढले. इंग्लंडमधल्या बराकींत राहणाऱ्या तरुण सैनिकांत दरवर्षी हजारी १७ ते २० मृत्यू होत होते. त्याच वयाच्या सामान्य नागरिकांत ते ११ होते. सैन्यात तर निवडून घेतलेली धडधाकट मुले असतात. मग ती जास्त का मरावीत? या प्रश्नाला युद्धखात्याकडे उत्तर नव्हते.

बाईला त्या काळी मताचा अधिकार नव्हता, तर चौकशी आयोगाचे सदस्यत्व कुठले! त्यांनी आयोगाचे अध्यक्षपद सिडनी हर्बर्ट यांच्याकडे जाईल असे पाहिले, साक्षीदारांना विचारायचे प्रश्न तयार केले आणि आपली साक्ष लेखी दिली. बराकींची सुधारणा, लष्करी डॉक्टरांसाठी वेगळे शिक्षण, लष्करात आकडेवारीची स्वतंत्र शाखा, असे निर्णय त्यातून झाले. पुढे अनेक वर्षे सरकारी फायली त्यांच्या घरी सल्ल्यासाठी येत राहिल्या. बहुतेक वेळ त्या अंथरुणावर असत. पद नाही, पगार नाही, पण त्यांचे मत डावलणे मंत्र्यांना जड जाई. लंडनच्या संख्याशास्त्रीय सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

सगळेच साधले असे नाही. १८६१ च्या जनगणनेत प्रत्येक घरातले आजारी लोक आणि घराची स्थिती यांची नोंद व्हावी, म्हणजे घर आणि आरोग्य यांचा संबंध दिसेल, अशी त्यांची मागणी होती. ती फेटाळली गेली. ऑक्सफर्डमध्ये संख्याशास्त्राचे अध्यासन व्हावे, ही १८९१ मधली कल्पनाही तशीच राहिली. राज्यकर्त्यांपुढे आकडे असतात, पण ते वाचायचे कसे हे त्यांना कोणी शिकवलेले नसते, ही त्यांची खंत होती.

त्यांच्या मोठ्या कामाचा एक भाग भारताविषयी आहे, आणि तो त्यांनी भारतात एकदाही पाऊल न ठेवता केला. १८५७ च्या उठावानंतर इथल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्यासाठी १८५९ मध्ये आयोग नेमला गेला. नाइटिंगेल यांनी प्रश्नावली तयार करून इथल्या लष्करी ठाण्यांना पाठवली. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, एका खोलीत किती माणसे झोपतात. आलेल्या उत्तरांतून दिसले की, सांडपाण्याची व्यवस्था जवळपास नव्हतीच आणि पाण्याची परीक्षा म्हणजे केवळ चव आणि वास. फौजेतला मृत्युदर हजारी ६९ होता. १८६३ मध्ये अहवाल आला. त्याची संक्षिप्त आवृत्ती निघाली तेव्हा ठाण्यांची उत्तरे आणि नाइटिंगेल यांची निरीक्षणे त्यातून गळाली. मग त्यांनी ती स्वतः छापून वाटली. पुढच्या वर्षी मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांत स्वच्छता आयोग नेमले गेले. १८७३ मध्ये त्यांनी मांडलेल्या आढाव्यात फौजेतला मृत्युदर हजारी १८ वर आलेला होता.

फौजेपासून सुरुवात झाली, पण आजूबाजूचे गाव घाणीत असताना छावणी निरोगी राहू शकत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. तिथून त्यांचे लक्ष रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी कर्ज, खेड्यांची स्वच्छता हे त्यांचे विषय झाले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर त्यांचे सहकारी बनले. दादाभाई नौरोजी आणि विल्यम वेडरबर्न यांच्याशी त्यांचा संपर्क होता. मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा येऊ घातला होता तेव्हा, १८८९ च्या सुमारास, त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. वरून कायदा लादून खेडे स्वच्छ होत नाही, गावच्या लोकांना विश्वासात घेऊन समजावून सांगावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. गावाकडून गोळा होणारा कर आधी गावाच्या स्वच्छतेवर खर्च व्हावा, ही मागणीही त्यांनी लावून धरली.

त्यांच्या चुकाही सांगायला हव्यात. रोग दुर्गंधीयुक्त हवेतून होतो, असे त्या दीर्घकाळ मानत होत्या. जंतूंचा सिद्धांत त्यांना लवकर पटला नाही. पण कारणाचा अंदाज चुकला तरी आकड्यांनी त्यांना बऱ्याचदा योग्य उपायाकडेच नेले: गटार, पाणी, मोकळी जागा.

त्यांच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींच्या शिक्षणासाठी एक प्रसूती विभाग चालत असे. तिथे बाळंतज्वराने माता दगावू लागल्या, तेव्हा १८६७ मध्ये तो बंद करण्यात आला. नाइटिंगेल तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ठिकठिकाणचे आकडे गोळा करून १८७१ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिले आणि दाखवून दिले की, त्या काळात घरी बाळंत होणाऱ्या स्त्रीपेक्षा प्रसूतिगृहात बाळंत होणारीच्या जिवाला जास्त धोका होता. स्वतःच्या आवडत्या उपक्रमाविरुद्ध जाणारे आकडेही त्यांनी पुन्हा एकदा छापले.

उतारवयात त्यांची दृष्टी गेली. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या ९० व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमधला दफनाचा मान नाकारून कुटुंबीयांनी त्यांना गावच्या चर्चच्या आवारात विसावा दिला.

आज आपल्याकडे परिस्थिती उलटी आहे. जंतू कळले, प्रतिजैविके आली आणि रुग्णालयातली प्रसूती हीच सुरक्षित ठरली. पण एखादी माता दगावली की तिच्या मृत्यूचे अन्वेषण होते. ती घरातून कधी निघाली, वाहन कधी मिळाले, रक्त होते का, कुठे उशीर झाला. हे कागद कोणाला दोषी ठरवण्यासाठी भरले, तर माणसे नोंदी लपवतात आणि पुढची माताही त्याच कारणाने जाते. कारण शोधण्यासाठी भरले, तर पुढची वाचते. नोंद करणाऱ्या परिचारिकेच्या आणि डॉक्टरच्या हातात हे असते, आणि ती नोंद वाचून खर्च कुठे करायचा हे ठरवणाऱ्यांच्या हातातही. नाइटिंगेल यांनी स्कुटारीचे आकडे दडवले असते तर त्यांच्या कीर्तीला धक्का लागला नसता. ते छापले म्हणून बराकींची गटारे बदलली.