मोटार देशातच घडावी म्हणून झटणारे वालचंद हिराचंद

विद्यार्थी मित्रांनो, १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादच्या रक्षणाची योजना आखणारे सर विश्वेश्वरय्या तुम्हाला माहीत आहेतच. भारतात मोटारींचा कारखाना काढण्याची योजनाही त्यांनी १९३० च्या दशकात तयार केली होती. ती प्रत्यक्षात यावी म्हणून झटणारे उद्योगपती म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे गुजरातचे, पण सोलापुरात स्थायिक झालेले. घरच्या व्यापारात मन न रमल्याने त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. पुढे १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनी आणि १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला.

मोटारीचे काम मात्र अधिक किचकट होते. एका गाडीत हजारो सुटे भाग असतात. इंजिन, स्प्रिंगा, काच, टायर, बॅटरी या प्रत्येकाची विद्या वेगळी. ते सर्व एकाच कारखान्यात बनत नाहीत. त्या काळी फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्या परदेशातून खोक्यांत भाग आणून येथे फक्त जोडणी करीत. वालचंद यांना नुसती जोडणी नको होती, विद्या हवी होती. फोर्डशी बोलणी फिसकटली, पण अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने सहकार्य मान्य केले. महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने पाठबळ दिले नाही आणि मोलाची वर्षे वाया गेली. तरीही त्यांनी हार मानली नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

सुरुवातीला येथेही जोडणीच होती. मग टप्प्याटप्प्याने देशी भाग वाढले. अशा कामात परदेशी भागीदार आराखडे देतो, कारखाना तपासणी करतो आणि पुरवठादार बरहुकूम माप साधतो. एकाचेही माप चुकले की गाडी अडते. म्हणून तिघांनी एकत्र शिकावे लागते.

८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद यांचे निधन झाले. त्याच वर्षी, देशात उत्पादनाची योजना नसलेल्या मोटार कंपन्यांना सरकारने मनाई केली. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली. तिची पद्मिनी गाडी तुमच्या पालकांनी नक्कीच पाहिली असेल.

मित्रांनो, आयते आणून जोडणे सोपे असते, शिकून घडवणे कठीण. वालचंद यांनी कठीण वाट निवडली. आपणही अभ्यासात तीच निवडू या.