विमानसुरक्षेचे पितामह : जेरोम लेडरर

१९२७ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवरील रूझवेल्ट फील्ड येथे एकाच इंजिनाचे एक छोटेसे विमान उड्डाणाच्या प्रतीक्षेत उभे होते. पंचविशीतला वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग त्यातून एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडून पॅरिस गाठणार होता. उड्डाणाच्या आदल्या दिवशी, त्याच्याच विनंतीवरून, एका तरुण अभियंत्याने ते विमान तपासले. विमानात त्याला काही खोट आढळली नाही. मात्र पुढचा प्रवास इतका दीर्घ आणि बेभरवशाचा होता की, लिंडबर्ग पलीकडच्या तीरावर पोहोचेल याची त्याला खात्री वाटत नव्हती. २० मे रोजी विमान उडाले आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला सुखरूप उतरले. लिंडबर्ग एका रात्रीत जगप्रसिद्ध झाला. विमान तपासणारा तो अभियंता म्हणजे जेरोम लेडरर. धाडसाच्या त्या युगात धोक्याचा हिशेब मांडणे, हेच त्यांनी आपले आयुष्यभराचे काम मानले.

लेडरर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०२ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. राइट बंधूंचे पहिले उड्डाण त्यानंतर सव्वा वर्षाने झाले. म्हणजे विमानविद्या त्यांच्यापेक्षा वयाने लहानच. न्यूयॉर्क विद्यापीठातून त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि वैमानिकी हा विषय विशेष अभ्यासिला. त्या काळी विमान बनवणारे आणि उडवणारे पुष्कळ होते. विमान का कोसळते, याचा शास्त्रशुद्ध विचार करणारे मात्र विरळाच.

१९२६ साली ते अमेरिकी टपालखात्याच्या हवाई सेवेत अभियंता म्हणून रुजू झाले. ही सेवा १९१८ मध्ये सुरू झाली होती. उघड्या आसनावर बसून, होकायंत्र आणि नकाशा यांच्या आधारे, धुक्यापावसातून टपालाच्या थैल्या पोहोचवणाऱ्या वैमानिकांची स्थिती मोठी भयावह होती. सेवा खासगी कंपन्यांच्या हाती जाईपर्यंतच्या नऊ वर्षांत तिच्यातील तीसहून अधिक वैमानिक मृत्युमुखी पडले. कित्येकदा विमान आदळण्याच्या धक्क्यातून वैमानिक वाचे. परंतु लगेच भडकणाऱ्या आगीत त्याचा अंत होई. हा नशिबाचा खेळ आहे, असे म्हणून लोक हळहळत आणि पुढच्या उड्डाणाची तयारी करीत.

लेडरर यांना हे पटले नाही. आग लागते तर ती कोठून तरी सुरू होत असली पाहिजे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी जुनी विमाने इंजिन चालू ठेवून मुद्दाम भिंतीवर आदळवण्यात आली आणि त्या प्रत्येक क्षणाचे चित्रीकरण करण्यात आले. फुटलेल्या टाकीतील इंधन इंजिनाच्या तापलेल्या धूरनळ्यांवर सांडते आणि पेट घेते, हे त्यातून उघड झाले. कारण कळले तसा उपायही सुचला. धूरनळ्यांची रचना बदलता येण्याजोगी होती. ज्याला दैव म्हटले जात होते, ते नळीच्या आकारात आणि जागेत दडलेले होते. पुढील पाऊणशे वर्षांच्या कार्याचे बीज या एका धड्यात सापडते.

१९२९ साली लेडरर विमानविम्याच्या व्यवसायात शिरले. वरवर पाहता हा शास्त्राकडून व्यापाराकडे झालेला प्रवास वाटेल. वस्तुतः तो त्यांच्या विचारातील महत्त्वाचा टप्पा होता. विमा उतरवणाऱ्याला प्रत्येक अपघाताची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागते. त्यामुळे अपघात का झाला, हे जाणून घेण्यात त्याचा थेट स्वार्थ असतो. ‘एरो इन्शुरन्स अंडररायटर्स’ या संस्थेचे मुख्य अभियंता या नात्याने लेडरर यांनी विमानतळ पाहिले, दुरुस्तीच्या कार्यशाळा पाहिल्या, वैमानिकांच्या सवयी पाहिल्या आणि धोक्यांची माहिती देणारी पत्रके विमाधारकांना पाठवण्यास आरंभ केला. सुरक्षितता हा केवळ दयाबुद्धीचा विषय नसून नफ्यातोट्याच्या वहीतही तिला जागा आहे, हे त्यांनी येथे ओळखले. पुढे मोठमोठ्या कंपन्यांच्या चालकांशी बोलताना हे ज्ञान त्यांच्या कामी आले.

१९४० मध्ये त्यांना सरकारचे बोलावणे आले. अमेरिकेत तेव्हा नव्यानेच आकारास आलेल्या नागरी वैमानिकी मंडळाच्या सुरक्षा विभागाचे ते संचालक झाले. अपघातांची चौकशी करणे आणि सुरक्षेचे नियम तयार करणे, ही दोन्ही कामे त्यांच्याकडे आली. पदभार घेऊन फार काळ लोटला नव्हता, तोच ३१ ऑगस्ट १९४० रोजी व्हर्जिनिया राज्यातील लव्हेट्सव्हिलजवळ वादळी पावसात एक डीसी-३ प्रवासी विमान कोसळले. अमेरिकी सिनेटचे सदस्य अर्नेस्ट लंडीन यांच्यासह विमानातील सर्व २५ जण ठार झाले. विमान कोसळताना काय घडले, हे सांगणारा कोणीही उरला नव्हता. तपासकर्त्यांच्या हाती होते ते केवळ विखुरलेले अवशेष. जवळच कोसळलेल्या प्रखर विजेमुळे वैमानिक निकामी झाले असावेत, असा संभाव्य निष्कर्ष मंडळाने काढला. परंतु तो अनुमानावर आधारलेला होता.

मृतांच्या वतीने विमानानेच साक्ष द्यावी, अशी सोय असायला हवी, ही निकड अशा घटनांतून अधोरेखित होत होती. लेडरर यांच्या कारकिर्दीत प्रवासी विमानांत उड्डाणाची नोंद ठेवणारे यंत्र बसवण्याचा नियम पुढे आला. पण लगेच महायुद्ध पेटले, यंत्रसामग्रीचा तुटवडा पडला आणि नियम बाजूला पडला. अमेरिकेत उंचावरून उडणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानांना अशी यंत्रे प्रत्यक्षात सक्तीची झाली ती १९५८ मध्ये. योग्य कल्पना आणि तिची अंमलबजावणी यांच्यामध्ये किती वर्षे, आणि किती माणसे, खर्ची पडतात, याचा हा कटू अनुभव होता. नियम करणे सरकारच्या हाती असते. पण केवळ नियमाने सुरक्षितता येत नाही, हे लेडरर यांनी सरकारी खुर्चीत बसून पाहिले. युद्धकाळात त्यांनी लष्करासाठी वैमानिक आणि यंत्रज्ञ घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्थेची धुरा वाहिली.

युद्ध संपले आणि प्रवासी विमानवाहतूक झपाट्याने वाढू लागली. विमाने मोठी झाली, वेगवान झाली आणि एकेका अपघातातील मृतांची संख्याही वाढली. अशा वेळी एक विचित्र अडचण सर्वांसमोर होती. समजा, एका कंपनीच्या कार्यशाळेत एखाद्या विमानाच्या चाकाच्या दांड्याला चीर गेलेली आढळली. ती कंपनी तो दांडा बदलून मोकळी होई. तशाच बनावटीची विमाने उडवणाऱ्या दुसऱ्या कंपनीला मात्र ही गोष्ट कळत नसे. पहिलीने सांगावे तरी का? सांगितले तर प्रवासी बिचकणार, वकील खटले भरणार, सरकार दंड करणार आणि स्पर्धकाला फुकट शहाणपण मिळणार. तात्पर्य, जीव वाचवणारी माहिती अस्तित्वात असे. पण ती कोठेतरी कुलूपबंद राही. दुसऱ्या कंपनीला तीच माहिती मिळे, ती अपघातानंतर.

ही कोंडी फोडण्यासाठी १९४७ मध्ये लेडरर यांनी ‘फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन’ या संस्थेचा पाया घातला. ती सरकारी नव्हती, कोणा एका कंपनीचीही नव्हती आणि नफ्यासाठी तर मुळीच नव्हती. विमाने बनवणारे, विमाने चालवणारे, विमा उतरवणारे, वैमानिक, यंत्रज्ञ आणि सरकारी अधिकारी यांना एका मेजाभोवती बसवणे, एवढेच तिचे सामर्थ्य होते. बाजारात ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहू नये, त्यांनी येथे एकमेकांच्या चुका ऐकाव्यात, अशी ती जागा होती. आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरू लागले. वैमानिकांसाठी आणि यंत्रज्ञांसाठी पत्रके निघू लागली. एकाला आलेला अनुभव, त्याचे नाव चव्हाट्यावर न आणता, सर्वांपर्यंत पोहोचू लागला.

या कामात अधिकाराचा बडगा नव्हता. लेडरर यांना कोणाचा परवाना रद्द करता येत नव्हता की कोणाला दंड ठोठावता येत नव्हता. विश्वास हेच त्यांचे भांडवल होते, आणि विश्वास मिळवायला वेळ लागतो. दोषी कोण, हा प्रश्न न्यायालयासाठी ठेवावा. सुरक्षेच्या मेजावर मात्र कारण काय, एवढेच विचारावे, ही त्यांची भूमिका होती. शिक्षेच्या भीतीने चूक दडपली जाते आणि दडपलेली चूक पुन्हा घडते. वीस वर्षे, म्हणजे १९६७ पर्यंत, ते या संस्थेचे प्रमुख होते. १९६१ मध्ये त्यांना वैमानिकी क्षेत्रातील मानाचे डॅनियल गुगेनहाइम पदक मिळाले.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांच्यासमोर नवे आव्हान उभे राहिले. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो यानाच्या जमिनीवरील चाचणीत आग लागून गस ग्रिसम, एडवर्ड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तीन अंतराळवीर गुदमरून मरण पावले. त्या आघातानंतर ‘नासा’ने मानवी अंतराळ उड्डाणांच्या सुरक्षेची सूत्रे लेडरर यांच्याकडे सोपवली. टपालविमानातील आगीपासून सुरू झालेला त्यांचा प्रवास चांद्रयानातील आगीपाशी येऊन ठेपला होता.

१९६८ च्या डिसेंबरात अपोलो ८ चंद्राकडे झेपावण्यापूर्वी त्यांनी मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे. त्या यानात सुमारे ५६ लाख सुटे भाग होते. प्रत्येक हजारातील ९९९ भाग निर्दोष निघाले, तरीही ५,६०० भाग सदोष राहू शकत होते. सामान्य व्यवहारात जे प्रमाण उत्कृष्ट म्हणून गौरवले जाते, ते येथे पुरेसे नव्हते. ‘सुरक्षितता’ या शब्दापेक्षा ‘जोखमीचे व्यवस्थापन’ हा शब्दप्रयोग त्यांना अधिक प्रामाणिक वाटे, तो याच कारणाने. पहिला शब्द निश्चिंत करतो. दुसरा जागे ठेवतो. १९७० मध्ये ते संपूर्ण नासाचे सुरक्षा संचालक झाले आणि १९७२ मध्ये तेथून निवृत्त झाले.

त्यांच्या तत्त्वाची कठोर परीक्षा त्यानंतर दोन वर्षांनी झाली. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरणारे टीडब्ल्यूए कंपनीचे विमान व्हर्जिनियातील डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ जण ठार झाले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ लावताना वैमानिकांची गफलत झाली होती. चौकशीत कळले की, अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांचीही त्याच जागी तशीच गफलत झाली होती आणि त्यांचे विमान थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले होते. परंतु तो इशारा कंपनीच्या दाराबाहेर पडला नाही. लेडरर ज्या भिंतीविरुद्ध आयुष्यभर बोलत आले, तीच भिंत ९२ जणांच्या आड आली होती.

या दुर्घटनेनंतर १९७६ मध्ये अमेरिकेत चुका गोपनीयपणे कळवण्याची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. तिची रचना विचारपूर्वक केलेली होती. नियम मोडल्याबद्दल शिक्षा करणारे खाते वेगळे आणि निवेदने स्वीकारणारी संस्था वेगळी. हे दुसरे काम नासाकडे देण्यात आले. वैमानिकाने आपली चूक निर्भयपणे सांगावी, त्याची ओळख गुप्त राहावी आणि धडा मात्र सर्वांना मिळावा, हा तिचा हेतू होता.

उतारवयात लेडरर अध्यापन आणि व्याख्याने करीत राहिले. यंत्रे अधिकाधिक विश्वसनीय होत असताना माणसाकडे दुर्लक्ष होऊ नये, ही त्यांची चिंता होती. विमान आपोआप उडू लागले की वैमानिकाला येणारा कंटाळा, वरिष्ठाला त्याची चूक दाखवण्याचा संकोच, खात्याखात्यांतील सुस्ती, हेही धोकेच आहेत आणि त्यांचाही इंजिनाइतकाच बारकाईने अभ्यास व्हावा, असे ते सांगत.

१९९८ साली, लेडरर पंचाण्णव वर्षांचे असताना, अमेरिकेत सरकारी यंत्रणा, विमान कंपन्या, उत्पादक आणि कर्मचारी संघटना यांचे संयुक्त ‘व्यावसायिक विमानसुरक्षा पथक’ काम करू लागले. प्राणघातक अपघातांचे प्रमाण दहा वर्षांत ८० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट त्याने स्वीकारले. अपघाताची वाट न पाहता उड्डाणांच्या नोंदींतून धोका हुडकायचा आणि उपाय सर्वांनी मिळून स्वेच्छेने अमलात आणायचे, ही त्याची पद्धत होती. दशकभरात मृत्यूचा धोका ८३ टक्क्यांनी घटला. १९४७ मध्ये मांडलेल्या मेजाचाच हा विस्तार होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

हा परिणाम पूर्णपणे दिसण्यापूर्वीच, ६ फेब्रुवारी २००४ रोजी, कॅलिफोर्नियात वयाच्या १०१ व्या वर्षी जेरोम लेडरर यांचे निधन झाले. त्यांनी एखादे विमान निर्माण केले नाही की एखादा विक्रम नोंदवला नाही. न घडलेल्या अपघातांची बातमी होत नाही आणि वाचलेल्या प्रवाशाला आपण वाचलो हे कळतही नाही. आज दाबोळी किंवा मोपा येथून निघणारे प्रवासी विमान जेव्हा ठरलेल्या वेळी, काहीही विशेष न घडता उतरते, तेव्हा त्या साधेपणामागे अनेकांनी निर्भयपणे कबूल केलेल्या चुका उभ्या असतात. त्या कबुलीला जागा मिळवून देणारा माणूस म्हणून लेडरर यांचे स्मरण राहिले पाहिजे.